दोन खाचांचा मासा

१

पाण्यातून परत आल्यापासून बोक्याला सगळंच गोड लागत होतं. थर्मासमधला उकळून कडू झालेला चहा गोड, बायकोची बोलणी गोड, थंडीत खांदा निखळेपर्यंत दोरी ओढल्याशिवाय सुरू न होणारी मोटरसुद्धा गोड. धक्क्यावरचे बाकीचे गाईड म्हणायचे, "बुडाल्यावर माणूस इतका सुधारतो हे ठाऊक असतं, तर तुला आम्ही आधीच ढकलला असता." बोका त्यांच्याही चहात साखर टाकायचा आणि हसायचा.

बोका हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण गालभर मिशा आणि उभा जन्म माशांच्या मागे, म्हटल्यावर दुसरं नाव चिकटणार तरी कसं? हौशी लोकांना बोटीतून नदीवर मासे धरायला न्यायचं, हा त्याचा धंदा. लोक नवेकोरे रॉड घेऊन आणि नव्याकोऱ्या टोप्या घालून यायचे, आणि आपला गळ आपल्याच टोपीत अडकवून घ्यायचे. बोका तो न हसता सोडवून द्यायचा. निदान तोंडावर तरी हसायचा नाही.

नदीत मासे दोन प्रकारचे. एक कॅटफिश, ज्याला धक्क्यावर सगळे मिशाळ म्हणत. हा खोल डोहाच्या तळाशी बसून राहणार, आणि कोंबडीच्या काळजाचा वास आला की सावकाश उठून येणार. दुसरा बास. हा पडलेल्या झाडांच्या आडोशाला दबा धरून असतो, आणि खोट्या आमिषावरही जिवाच्या आकांताने झेपावतो. बास धरायची एक रीत आहे. अंगठा त्याच्या तोंडात घालायचा आणि खालचा ओठ चिमटीत पकडायचा. इतका वेळ थयथयाट करणारा मासा मग एकदम सैल पडतो, जणू काही कळायचंच बंद होतं. त्याच्या कानशीसारख्या दातांनी बोक्याच्या अंगठ्याची कातडी कायम सोलवटलेली असायची.

धरलेला मासा बोका सोडून द्यायचा. नुसता फेकायचा नाही. पाण्यात दोन्ही हातांत धरून, तोंड प्रवाहाकडे करून, हळूहळू पुढे, हळूहळू मागे. कल्ल्यांतून पाणी खेळतं आणि माशाला तरतरी येते. तो स्वतःहून निघेपर्यंत हात सैल ठेवून थांबायचं, ढकलायचं नाही. हे त्याला ज्या म्हाताऱ्या गाईडने शिकवलं, त्याला तो उस्ताद म्हणायचा. उस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याची छोटी कात्री बोक्याच्या गळ्यात दोरीला लटकलेली असे. सोडण्याआधी त्या कात्रीने माशाच्या शेपटीच्या कडेला एक त्रिकोणी खाच मारायची. तोच मासा पुन्हा आला, तर दुसरी खाच मारून पुन्हा सोडायचा. तिसऱ्यांदा आला, तर मात्र ज्याच्या गळाला लागला त्याने तो घरी न्यायचा.

"दोनदा सोडला तरी आला," उस्ताद म्हणायचा. "आता त्याचीच इच्छा आहे."

२

बोका बुडाला तो वळणावरच्या डोहात. पाहुण्यांना सोडून एकटाच परतत होता. मिशाळ उठलेत का पाहू, म्हणून नांगर टाकला, तो तळाच्या लाकडांत अडकला. ओढायला वाकला, दोरीचा वेढा मनगटाला बसला, आणि नांगराने वर येण्याऐवजी त्यालाच खाली नेलं. लाईफ जॅकेट सीटवर छान घडी घालून ठेवलेलं होतं. पाहुण्यांना दटावून जॅकेट घालायला लावायचं आणि आपलं पाठीला टेकायला घ्यायचं, हे नदीवरच्या सगळ्याच गाईडांचं असतं.

शुद्ध आली तेव्हा तो वाळूच्या पट्ट्यावर गुडघाभर पाण्यात बसलेला होता. मनगट मोकळं, श्वास चालू. एवढंच, की तो पट्टा डोहाच्या वरच्या अंगाला होता. बुडालेला माणूस प्रवाहाबरोबर खाली जातो. बोका वर गेला होता.

"भोवरा असतो, उलटा फिरवतो," तो सगळ्यांना सांगायचा. त्या डोहात भोवरा नाही हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, पण जिवंत माणसाने इतकी चिकित्सा करू नये असं त्याने ठरवून टाकलं होतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी बायको त्याला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून केस कापत होती. खिडकीतून ऊन येत होतं, शेगडीवर दूध तापत होतं. मध्येच कात्रीचा कचकच आवाज थांबला.

"अहो, हा कान कधी कापला?"

"तूच कापला असशील आत्ता."

"मस्करी नको. हे भरून आलेलं आहे, जुनं."

तिने हातआरसा धरला. कानाच्या पाळीच्या कडेला एक लहानशी खाच होती. त्रिकोणी, कडा साफ. फांदीने असं फाटत नाही. बोक्याने पाहिलं, आणि त्याचा हात आपसूक गळ्यातल्या कात्रीकडे गेला. पाण्यात गटांगळ्या खाताना हीच लागली असणार, दुसरं काय. कात्री मिटलेली असते आणि तिला वर रबर लावलेलं असतं, हे त्याला आठवलं. रबर निघालं असेल. नंतर पुन्हा बसलं असेल.

"दूध बघ, उतू जाईल," तो म्हणाला. दूध खरंच वर आलं होतं, आणि त्याबद्दलही त्याला बरं वाटलं.

३

त्याचे एक कायमचे पाहुणे होते. दातांचे डॉक्टर, आता दवाखाना मुलाकडे सोपवलेले. डॉक्टरांना मोठा मिशाळ घरी न्यायचा होता. वर्षानुवर्षं ते येत, मासे धरत, खाचा मोजत आणि सोडून देत. "तुमच्या नियमापायी आमच्या घरी मला कुणी कोळी मानत नाही," असं म्हणत. पण नियम त्यांनी कधी मोडला नाही, आणि डबा आणला तर दोघांपुरता आणत.

त्या सकाळी बोका त्यांच्या कुठल्याशा विनोदावर तोंड उघडून हसला. डॉक्टर हसायचे थांबले. "गाईडसाहेब, जरा तसंच ठेवा तोंड. सवय आहे हो, जात नाही."

त्यांनी बोक्याचा खालचा ओठ पुढे ओढला आणि उन्हाकडे वळवला.

"तंबाखू?"

बोक्याने नकारार्थी मान हलवली.

"मग इथे काय धरता? खालच्या दातांच्या मागे, हिरडीवर. वण आहे. मऊ, गोल, अगदी अंगठा दाबल्यासारखा. दुखतं का?"

"नाही."

"मग असू दे. वाईट काही दिसत नाही. पण मी एवढी तोंडं पाहिली, असा वण पाहिला नाही."

घरी आल्यावर बोक्याने न्हाणीघराचं दार लावलं, दिवा लावला आणि आरशासमोर उभा राहिला. नळ थेंब थेंब ठिबकत होता. त्याने आपला सोलवटलेला अंगठा तोंडात घातला आणि त्या वणावर ठेवला. वण अंगठ्याचाच होता, पण त्याचा अंगठा त्यात मावून चारी बाजूंनी जागा उरली.

आणि मग त्याला आठवलं. म्हणजे डोक्याने नाही, अंगाने आठवलं. नांगराबरोबर खाली जाताना तो हातपाय झाडत होता, मग कुणीतरी धरलं, आणि एकदम सगळं सैल झालं. भीती गेली. कुणीतरी त्याला घाई न करता पुढे नेत होतं आणि मागे आणत होतं. तोंड प्रवाहाकडे होतं. पुढे, मागे. किती वेळ कुणास ठाऊक. मग तो स्वतःच्या पायांनी वाळूकडे निघाला होता. कुणी ढकललं नव्हतं.

असं काही कळल्यावर माणसाने किंचाळायला हवं. बोका न्हाणीच्या ओल्या फरशीवर बसला आणि रडला, पण ते रडणं उपकाराच्या ओझ्याचं होतं. त्याला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. तो जितक्या मायेने मासा धरतो तितक्याच मायेने कुणीतरी त्याला धरलं होतं.

त्यानंतर डोहावरून जाताना तो मोटर बंद करायचा, हात पाण्यात घालायचा आणि पाहुण्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणायचा, "आभारी आहे." तिथे टाकलेला त्याचा नांगर पुन्हा कधी अडकला नाही. ओढायच्या आधीच सैल व्हायचा, खालून कुणी हातभार लावावा तसा.

४

त्याला पहिली भीती वाटली ती लेकीमुळे.

लेकीने बोट चालवायचा परवाना काढला होता आणि आता बापाबरोबर धंद्यात उतरायचं म्हणत होती. बायको म्हणाली, "एक जण बुडून आला तेवढं पुरे नाही का?" लेक म्हणाली, "म्हणूनच तर. यांच्याकडे बघायला कुणीतरी हवं." बापाला आतून गुदगुल्या झाल्या, पण पहिल्या दिवशी ती बोटीत चढली तेव्हा त्याने आधी तिचे कान पाहिले. दोन्ही कान साबूत होते. ते बघून आनंद मानायचा की काळजी करायची, हे त्याला ठरवता येईना.

"काय बघताय?"

"जॅकेटचा पट्टा नीट आवळ."

"बाबा, तुमचं कुठंय?"

त्या दिवसापासून बोका स्वतःही जॅकेट घालू लागला, आणि धक्क्यावर त्याची इतकी थट्टा झाली की विचारू नका.

डोह तो टाळू लागला. पण डॉक्टर काही ऐकेनात. मोठे मिशाळ तिथेच आणि त्यांचे गुडघे आता फार हंगाम साथ देणार नव्हते. शेवटी एका लख्ख सकाळी लेकीनेच बोट तिकडे वळवली. "एवढं काय आहे तिथे?" ती म्हणाली. बोक्याने तिच्या जॅकेटचे पट्टे पुन्हा तपासले.

डॉक्टरांचा रॉड वाकला तो जवळजवळ पाण्याला टेकला. मासा दिसला नाही, नुसतं पाणी फुगून वर आलं. लेक हातजाळी घेऊन बोटीच्या काठावर झुकली, बोट कलंडली, आणि ती गेली. ओरडलीही नाही. क्षणभराने तिचं केशरी जॅकेट वर आलं. पट्टे लावलेले होते आणि आत कुणी नव्हतं.

बोक्याने आपलं जॅकेट ओरबाडून काढलं आणि उडी मारली.

खाली पाणी हिरवट होतं, त्यात वरून ऊन तिरपं उतरलं होतं. लेक तिथे होती. तिचे पाय कुठेही टेकलेले नव्हते. हनुवटी वर, डोळे मिटलेले, हात सैल. ती सावकाश पुढे जात होती आणि सावकाश मागे येत होती. तिच्या खालच्या ओठाशी काहीतरी फिकट होतं. ते कुठून आलंय हे बघायला बोक्याने नजर खाली वळवली, तर नजर जाईल तिथवर ते संपेचना. मग त्याच्याच कानाला हलकासा चिमटा बसला, आणि सगळं सैल पडलं.

५

दोघं वाळूच्या पट्ट्यावर होते, वरच्या अंगाच्या. डॉक्टर बोटीत उभे राहून खालच्या बाजूला बघत हाका मारत होते. त्यांचा आवाज फाटला होता. त्यांना मागे वळून बघायला लावण्यासाठी बोक्याला बरंच ओरडावं लागलं.

लेक खोकली, थुंकली, आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. "बाबा, तुम्ही मला धरलं होतंत ना? हनुवटीला?"

"हो."

"मला भीतीच वाटली नाही."

"मी होतो ना," बोका म्हणाला.

घरी बायकोने दोघांना शेगडीसमोर बसवलं आणि कापसाने कान पुसले. लेकीच्या पाळीला एक खाच होती. बोक्याच्या पाळीला, जुन्या खाचेच्या शेजारी, दुसरी. बायकोने बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा तिने काहीच विचारलं नाही. औषध लावलं. दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "ज्याने कुणी माझी माणसं परत पाठवली, त्याचं भलं होवो."

बोका म्हणाला, "होवो." मनापासून म्हणाला. लेक समोर बसून गरम पाण्यात पाय बुडवून आईची बोलणी खात होती, आणि त्या दृश्यासाठी त्याने दुसरा कानही देऊन टाकला असता.

मात्र झोपताना उशीवर कान टेकला, की उस्तादाचं बोलणं आठवे. दोनदा सोडला तरी आला.

नदी सोडावी, हा विचार त्याने केला नाही असं नाही. पण लेक सोडणार नव्हती. ती म्हणत होती की आता तिला पाण्याची भीतीच राहिली नाही. तिला एकटीला त्या पाण्यावर पाठवून घरात बसायचं, हे बोक्याच्याने होण्यासारखं नव्हतं. एक खाच असलेल्या माशाला दुसरी खाच मारायला फार वेळ लागत नाही, हे तो जाणून होता. आणि आपल्याला तर तेवढीही सवलत उरली नाही, हेसुद्धा.

६

डॉक्टर पुन्हा आले. येणार नाहीत असंच सगळ्यांना वाटलं होतं. "त्या दिवशी माझ्या गळाला होता तो मला बघायचाय," ते म्हणाले. "नंतर वाटल्यास रॉड मोडून टाकीन."

लेकीने डोहात नांगर टाकला. मासा फार वाट न बघायला लावता आला, भांडलाही नाही. म्हातारा मिशाळ होता, डोकं उंबऱ्याएवढं रुंद, मिशा पांढुरक्या. लेकीने जाळी खाली सरकवली आणि शेपूट उलगडून पाहिली.

"बाबा. दोन खाचा आहेत."

एक बोक्याच्या हातची होती. दुसरी जुनी, किंचित तिरपी. उस्तादाचा हात शेवटी शेवटी थरथरायचा.

डॉक्टरांनी टोपी काढली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "इतकी वर्षं," ते म्हणाले, "नियम पाळला हो मी."

"पाळलात. तुमच्याइतका कुणीच पाळला नाही," बोका म्हणाला. "डॉक्टर, हा सोडायचा आहे."

"असं कसं? नियम तुमचाच ना?"

"माझाच. म्हणून मलाच मोडता येईल."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. काहीतरी लागेलसं बोलायला त्यांनी तोंड उघडलं. बोक्याने टोपी वर सारली आणि कान त्यांच्या बाजूला वळवला. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. कान पाहिला, शेपूट पाहिली, पुन्हा कान. मग लेकीकडे पाहिलं. शिकलेला माणूस होता, विचारण्यासारखं पुष्कळ असणार. पण त्यांनी गळ माशाच्या ओठातून अलगद, आपल्या जुन्या पेशंटचा दात काढावा तसा काढला आणि म्हणाले, "जा बाबा."

बोक्याने बाह्या सारल्या आणि मासा पाण्यात धरला. पुढे, मागे. पुढे, मागे. कल्ले उघडले, मिटले. "तिसरी खाच मारू?" लेकीने विचारलं. "नको," तो म्हणाला. "आता मोजायचं बंद. कितीदाही आला तरी सोडायचा." हे तो जरा मोठ्यानेच बोलला, पाण्याकडे तोंड करून. मासा हातात तसाच राहिला, जड आणि शांत, जणू ऐकत होता. मग त्याने शेपूट हलवली आणि तो खाली गेला.

"आभारी आहे," बोका म्हणाला.

लेकीने नांगर ओढला. तो पिसासारखा वर आला. ती दोरीची गुंडाळी करत होती, मान खाली होती.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही नव्हतं ना धरलं मला."

बोक्याने ओल्या बाह्या खाली ओढल्या.

"तुमचा अंगठा एवढा मोठा नाहीये," ती म्हणाली. तिने खालच्या दातांच्या मागून जीभ फिरवली. "मी केव्हाच पाहिलं आरशात. तुम्हाला त्रास होईल म्हणून बोलले नाही."

बापाला वाटलं, हिला हे सांगायला नको होतं कुणी. आणि त्याच वेळी एकट्याने वाहिलेलं ओझं अर्धं झाल्यासारखंही वाटलं.

"नांगर वर घेतलात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो. हा काय."

"मग आपण वाहत का नाही?"

नदी दोन्ही बाजूंनी वाहत होती. पानं, फेस, काटक्या भराभर मागे जात होत्या. बोट जागच्या जागी होती, नाक प्रवाहाकडे. मग ती सावकाश पुढे सरकली. सावकाश मागे आली. पुन्हा पुढे. तळाच्या फळ्या जराही करकरल्या नाहीत, इतक्या जपून.

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी सीट पकडली. लेकीने बापाचा हात पकडला. बोक्याची छाती भीतीने भरून आली होती, आणि त्या भीतीखाली तीच जुनी माया होती, दोन्ही वेगळं करता येत नव्हतं. बोट पुढे गेली, मागे आली. कुणालाच घाई नव्हती. मग त्याच्या लक्षात आलं की हे काय चाललंय. आयुष्यभर तो हेच तर करत आला होता, हात सैल ठेवून थांबत आला होता.

"मोटर चालू कर," तो लेकीला म्हणाला.

"सोडेल?"

"ढकलत नाहीत. आपणच निघायचं असतं."

तिने दोरी ओढली. मोटर पहिल्या झटक्याला सुरू झाली, असं त्या मोटरने आजवर कधी केलं नव्हतं. बोट थरथरली, आणि खालची ती पकड हळूच दूर झाली. ते धक्क्याच्या दिशेने निघाले. मग डॉक्टरांनी दोघांपुरता आणलेला डबा उघडला आणि त्याचे तीन वाटे केले.

"पुढच्या वेळी कुठे?" त्यांनी विचारलं.

"उथळात," लेक म्हणाली.

बोका मागे वळून डोहाकडे बघत होता. त्याने हात पाण्यात घातला होता, आणि बोट वळणाआड जाईपर्यंत तो बाहेर काढला नाही.